छोटंसं प्राणिसंग्रहालय, तीन पिढ्या आणि कुंपणालगत फिरणारा कोल्हा

कडुलिंब

गेल्या रविवारी आम्ही एका छोट्याशा झूमध्ये जाऊन आलो. मी, नवरा, साडेसहा वर्षांची लेक, अडीच वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. बाबा ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखरे. मोठ्या प्राणिसंग्रहालयातला आमचा दिवस ठरलेला असतो: आधी वाघाकडे धावायचं, मग जिराफ कुठे म्हणून नकाशा उलगडायचा, तोवर धाकटा खांद्यावर झोपलेला आणि बाबा मागे कुठल्यातरी बाकावर राहिलेले. इथे तसं काही झालं नाही. अख्खी बाग एका फेरीत होते. वाघ-हत्ती नाहीत. शेळ्या, गिनीपिग, दोन लामा, कासवं, एक घुबड, थोडे फ्लेमिंगो, एमूची जोडी, एक कोल्हा. मधोमध तळं आणि एका अंगाला मुलांची आगगाडी, मेरी-गो-राउंड, घसरगुंड्या.

शेळ्यांपाशी लेकीने तळहात सपाट धरून चाऱ्याच्या गोळ्या पुढे केल्या. शेळीने वरच्या ओठाने एकेक गोळी अशी टिपली की हाताला फक्त ऊब आणि ओल लागली. लेक मात्र तिच्या डोळ्यांकडे बघत होती. "आई, हिच्या डोळ्यात आडवी फट आहे." शेळी खाली पडलेली गोळी उचलायला वाकली आणि लेक पुन्हा ओरडली, "वाकली तरी फट आडवीच!" मला ते खरं वाटलं नाही. घरी येऊन शोधलं तर बरोबर निघालं. शेळी मान खाली घालते तेव्हा तिचं बुबुळ खोबणीत ५० अंशांहून जास्त फिरतं, त्यामुळे बाहुली जमिनीला समांतरच राहते. चरता चरता चहूकडे नजर ठेवायची सोय. इतकी वर्षं शेळ्या बघतेय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. कोल्हा कुंपणाच्या एकाच बाजूने येरझाऱ्या घालत होता. कोपऱ्यात पोचला की मान डावीकडे, एक पाय उचलून वळण, परत. मी मोजलं, अकरा वेळा अगदी तसंच, पावलं जणू त्याच ठशांवर. लेकीने विचारलं, "तो काय शोधतोय?" मला उत्तर देता आलं नाही. दिवस फार सुंदर गेला आणि तरी रात्री झोपताना तो कोपराच डोळ्यांसमोर येत होता.

अशा ठिकाणी मुलांना न्यावं की नाही? नेलं तर असं काही दिसल्यावर काय सांगता? आणि एक साधा प्रश्न: आगगाडी नि पाळणे आधी उरकता की शेवटी? आमची त्यावरून दारातच रडारड झाली.

शेकोटी

छान लिहिलंय. कोल्ह्याबद्दल जाणकार सांगतील, मी रडारडीपुरतं लिहिते.

आगगाडी शेवटी. अपवाद एकच: गाडीचा रूळ सगळ्या बागेला वळसा घालत असेल तर पहिली फेरी गाडीतूनच करावी. कुठे काय आहे ते मुलांना कळतं आणि नंतर "चल, मघाशी दिसलेला एमू बघू" म्हणून त्यांना चालवता येतं. रूळ नुसता मैदानात गोल फिरत असेल तर दारातूनच सांगून टाकायचं की प्राणी आधी, गाडी नंतर, दोन फेऱ्या. आकडा सांगितला की माझी मुलं ऐकतात, "बघू नंतर" म्हटलं की ऐकत नाहीत.

उघडण्याच्या वेळी पोचा. सकाळी प्राणी हिंडते-फिरते असतात, दुपारी बहुतेक सगळे आडवे. आणि दाराशी खाणं घालायच्या वेळांचा फलक असतो तो आधी वाचा, त्याभोवती दिवस आखा.

चाऱ्याची_पेंढी

मी दोन वर्षं दर शनिवारी अशाच एका छोट्या झूमध्ये स्वयंसेवक होतो. आता नाही, पण ते दिवस अंगात मुरलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही पाहिलंत त्याला स्टिरिओटिपी म्हणतात. तीच हालचाल, तोच मार्ग, दिसायला हेतू काहीच नाही. अस्वलं डोलतात, पोपट पिसं उपटतात, कोल्हे-बिबटे येरझाऱ्या घालतात. पण एकदा पाहून निष्कर्ष काढू नका. खाण्याची वेळ झाली की पुष्कळ प्राणी दाराशी घिरट्या घालतात, ती वाट पाहणं असतं. दुसरं म्हणजे ही सवय जुन्या व्रणासारखी उरते. वाईट जागेतून चांगल्या जागेत आणलेला प्राणीसुद्धा वर्षानुवर्षं जुन्या पिंजऱ्याच्या मापाने चालत राहू शकतो. बघायचं ते हे: त्याला दडायला जागा आहे का, चढायला-उकरायला काही आहे का, आणि मध्येच थांबून तो दुसरं काही करतो का.

आमच्याकडे सकाळचे दोन तास निव्वळ चिरण्यात जायचे. प्रत्येक प्राण्याचा कागद भिंतीला लावलेला, वजनं ग्रॅममध्ये. पण खाणं ताटलीत ठेवून द्यायचं नाही, ही तिथली शिस्त. ओंडक्याच्या भोकात कोंबायचं, पालापाचोळ्यात पेरायचं, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून द्यायचं. जंगलात ज्याचा दिवसाचा मोठा भाग खाणं शोधण्यात जातो त्याला दहा मिनिटांत जेवण उरकून दिलं तर उरलेल्या दिवसाचं त्याने करायचं काय? याला एन्रिचमेंट म्हणतात. पुढच्या वेळी आवारात फाटका पुठ्ठा किंवा लोंबती दोरी दिसली तर तो कचरा नसतो. कुणीतरी त्या प्राण्यासाठी पहाटे खपलेलं असतं.

आता एक मनापासूनची विनंती. तळ्यात, कासवांच्या टाकीत नाणी टाकू नका, मुलांना टाकू देऊ नका. थायलंडमध्ये २०१७ साली ओमसिन नावाच्या समुद्री कासवीच्या पोटातून शस्त्रक्रिया करून ९१५ नाणी काढली होती. लोकांनी शुभ म्हणून टाकलेली. नाण्यांतला धातू रक्तात भिनला होता, ती पुढे जगली नाही. आमच्या टाकीतूनही मी दर शनिवारी जाळीने नाणी काढायचो. टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, म्हणूनच हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आगगाडीचंही सांगतो. नुसत्या तिकिटावर छोटी झू चालत नाही. आमच्याकडे गाडी आणि मेरी-गो-राउंडच्या पैशांतून चारा आणि डॉक्टरांचा खर्च निघायचा. त्यामुळे मुलांनी तिसरी फेरी मागितली तर मला आनंदच व्हायचा.

निळी_रेघ

मी वेगळं मत मांडतो, कडुलिंब यांनी प्रामाणिकपणे विचारलंय म्हणून.

मी माझ्या मुलांना नेत नाही. २००३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता. मांसाहारी प्राण्यांपैकी जे जंगलात दूरवर भटकतात, त्यांच्यातच बंदिवासात येरझाऱ्या आणि पिल्लं दगावण्याचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. ध्रुवीय अस्वलाला झूमध्ये मिळणारी जागा त्याच्या जंगलातल्या किमान क्षेत्राच्या साधारण दहा लाखांश असते, हा आकडाही त्यातलाच. कोल्हा म्हणजे ध्रुवीय अस्वल नव्हे, मान्य. पण तुमच्या लेकीने विचारलं "तो काय शोधतोय", तेव्हा खरं उत्तर "जागा" हेच असावं असं मला वाटतं. आणि मुलांना प्राणी दाखवायला बंद आवारच कशाला हवं? अंगणातल्या मुंग्यांची रांगही तासभर पुरते.

कडुलिंब

@निळी_रेघ, तुमचा मुद्दा पोचला. लेकीला मी "माहीत नाही" म्हणाले होते. "जागा" हा शब्द माझ्या मनात आला होता, तोंडातून निघाला नाही.

@चाऱ्याची_पेंढी, आवारात एक ओंडका होता, त्याला भोकं पाडलेली. मला वाटलं किडीने खाल्लाय. आता पुन्हा जाऊन बघावंसं वाटतंय.

गोठ्यातली_डॉक्टर

जनावरांची डॉक्टर आहे, त्यामुळे माझं लक्ष थेट लेकीच्या तळहाताकडे गेलं. सपाट तळहात, अंगठा बोटांना चिकटलेला, हे अगदी बरोबर. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, तिथे टणक गादी असते, म्हणून तो स्पर्श इतका मऊ. मागे दाढा मात्र धारदार असतात, बोट आत जाता कामा नये.

आता हात धुण्याबद्दल, कारण लोक हे फार सहज घेतात. शेळ्या, मेंढ्या, वासरं दिसायला ठणठणीत असली तरी त्यांच्या शेणातून ई. कोलाय ओ१५७ सारखे जंतू पसरू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास गंभीर होऊ शकतो, मूत्रपिंडापर्यंत जातो. पर्समधलं सॅनिटायझर इथे पुरत नाही. मळलेल्या हातांवर ते नीट काम करत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीला अल्कोहोलने काही होत नाही. साबण आणि वाहतं पाणी, दुसरं काही नाही. कुंपणाला हात लावला, बाबागाडीची चाकं शेणातून गेली, तरीही धुवायचे. चोखणी, दुधाची बाटली, खाऊ यातलं काहीही प्राण्यांच्या भागात बाहेर काढू नका. अडीच वर्षांचा मुलगा आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि घरून नेलेलं काही प्राण्यांना घालू नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात अचानक पिठूळ खाणं गेलं की आम्ल वाढतं, पोट फुगतं, जीवही जातो. प्रत्येकाने "एकच तुकडा" घातला तर दिवसाअखेर किती होतात! तिथे मिळणाऱ्या गोळ्याच द्या, आणि शेळी दूर गेली तर जाऊ द्या. चांगल्या ठिकाणी शेळ्यांना माणसं जिथे येऊ शकत नाहीत अशी मागची जागा ठेवलेली असते. ती आहे का ते मी सगळ्यात आधी बघते. गिनीपिगच्या बाबतीत तर लपायची जागा नसेल तर मी मुलांना तिथे थांबूच देत नाही. तो भित्रा जीव आहे. उचलल्यावर गप्प बसतो तो लाडाने नव्हे, घाबरून.

शांत_तळं

माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. मोठ्या आवाजाचा त्याला त्रास होतो. मोठ्या बागांमधून आम्ही दोनदा अर्ध्यातून परत आलोय. छोट्या झूमध्ये मात्र आमचं जमलं.

पहिल्या खेपेला त्याने फक्त कासव पाहिलं. चाळीस मिनिटं. कासवाने एक पान खाल्लं: मान पुढे, तोंड उघडं, पानाची कड चुकली, पुन्हा मान मागे, पुन्हा पुढे. माझा मुलगा तेवढ्याच वेगाने मान हलवत होता. तिथल्या ताईंनी त्याला विचारलं, पाठीला हात लावायचाय का. आणि लावण्याआधी सांगितलं की कवच म्हणजे घर नव्हे, त्याचा कणा आणि बरगड्या कवचालाच जोडलेल्या असतात, बोट लावलं तरी त्याला कळतं. मुलाने एकच बोट लावलं, अगदी हलकं. आता घरी कुणी त्याला न विचारता पाठीवर हात ठेवला की तो म्हणतो, "मला कळतं."

उपयोगी पडेल म्हणून: आगगाडीची शिटी कधी वाजते ते आम्ही आधी विचारून घेतो. चालकाला सांगितलं तर आमच्या फेरीला ते शिटी वाजवत नाहीत. अजून कुणी नकार दिलेला नाही.

पारावरचा

@शांत_तळं, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

वडिलधाऱ्यांना नेणाऱ्यांसाठी थोडं. व्हीलचेअर मिळते का, हे फोनवर आधीच विचारा. वाट खडीची की पक्की, तेही विचारा. खडीवर चाकं रुततात आणि ढकलणाऱ्याची कंबर जाते. सावलीतला बाक कुठल्या आवारासमोर आहे ते बघून तिथेच ठाण मांडा आणि मुलांना दोघा-तिघांच्या तुकडीने पुढे धाडा. मुलं परत येऊन आजोबांना बातमी सांगतात, आजोबा समोरच्या प्राण्याची बातमी त्यांना सांगतात. आमच्या आईने अशी एमूसमोर एक दुपार काढली. एमूत नरच अंडी उबवतो, सुमारे आठ आठवडे, त्या काळात जवळजवळ खात-पीत नाही, हे तिने फलकावर वाचलं. तो बसलेलाच होता. आई घरी परतेपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होती.

चाऱ्याची_पेंढी

@निळी_रेघ, तुम्ही मांडलेला अभ्यास खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. माझंही मत हेच की दूरवर भटकणारे मोठे मांसाहारी छोट्या झूने ठेवूच नयेत. जिथे अस्वल काँक्रीटच्या चौकोनात आहे तिथे तिकीट काढू नये, आणि का काढलं नाही ते दारात सांगून यावं.

पण सगळ्याच बंदिवासाला एक माप लावू नका. अरबी ऑरिक्स हे हरीण १९७२ मध्ये जंगलातून संपलं होतं. झूमध्ये वाढवलेल्या कळपांमुळे १९८२ मध्ये ते ओमानच्या वाळवंटात परत सोडता आलं. अर्थात हे मोठ्या संस्थांचं काम. छोट्या झूने त्याचं श्रेय घ्यायचं कारण नाही. छोट्या झूचं काम निराळं. आमच्याकडचे निम्म्याहून जास्त प्राणी कुणीतरी आणून दिलेले होते: हौसेने पाळलेलं नि नंतर झेपेनासं झालेलं कासव, पंख मोडलेला पक्षी, माणसाच्या हाताने वाढल्यामुळे माणसालाच आपलं मानणारं घुबड. यांना सोडलं तर ते जगत नाहीत. त्यांना कुठेतरी राहायचंच आहे. मग प्रश्न उरतो तो नीट राहण्याचा.

म्हणून तुम्ही विचारा. "हा इथे कसा आला?" हा प्रश्न प्रत्येक आवारासमोर विचारा. ज्याच्याकडे उत्तर असतं तो कीपर खुलून बोलायला लागतो. उत्तर टाळलं गेलं, तर तेही तुम्हाला काहीतरी सांगून जातं. फ्लेमिंगोंच्या मागे आरसे लावलेले दिसले तर त्याबद्दलही विचारा. हे पक्षी मोठ्या थव्यातच घरटी करतात, म्हणून थवा लहान असेल तर तो दुप्पट भासावा यासाठी आरसे लावतात.

निळी_रेघ

@चाऱ्याची_पेंढी, "हा इथे कसा आला" हा प्रश्न पटला. माझं मत बदललेलं नाही, पण जखमी आणि सोडून दिलेल्या प्राण्यांना आसरा देणारी जागा आणि पाहुण्यांसाठी प्राणी विकत आणणारी जागा यांत मी फरक करत नव्हतो, तो करायला हवा.

कडुलिंब

पुन्हा जाऊन आले. या वेळी फक्त लेक आणि बाबा. उघडायच्या वेळेला पोचलो आणि थेट कोल्ह्याकडे गेलो. तो येरझाऱ्या घालत होता. तीच बाजू, तोच कोपरा.

तिथे एक काका बादली घेऊन आले. लेकीनेच विचारलं, "हा इथे कसा आला?" त्यांनी बादली खाली ठेवली. कुणीतरी पिल्लू असताना घरी आणलं होतं, दोन वर्षं सशाच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. त्यांनी जमिनीवर पायाने रेघ ओढून पिंजऱ्याची लांबी दाखवली. मग म्हणाले, इथे आला तेव्हा एवढ्या मोठ्या आवारात तो नेमका तेवढ्याच लांबीत फिरायचा. आता रेघ लांबलीय, पूर्ण कुंपणाएवढी. आणि दिवसभर फिरत नाही, सकाळी खाणं येईपर्यंत फिरतो. खाण्याची वेळ आणि जागा ते रोज बदलतात.

त्यांनी खाणं ओंडक्याच्या भोकांत लपवलं, थोडं पाल्यात उधळलं आणि बाहेर आले. कोल्ह्याने आणखी तीन येरझाऱ्या घातल्या. लेक बोटांवर मोजत होती. चौथ्या खेपेला तो कोपऱ्यात वळला नाही. नाक वर करून थांबला, मग ओंडक्याकडे गेला, पुढचे दोन्ही पाय त्यावर टेकवले आणि भोकात तोंड घातलं. पुढची वीस मिनिटं त्याने एकेक भोक धुंडाळलं. पाल्यात तर त्याने उंच उडी मारून दोन्ही पाय एकदम रोवले, तेव्हा बाबा बाकावरून मोठ्याने "अरे वा!" म्हणाले.

@निळी_रेघ, लेकीला मी तुमचा शब्द सांगितला, "तो जागा शोधत असेल." ती म्हणाली, "आधी छोटी होती म्हणून." तेवढ्यावर तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. घरी येताना तिने विचारलं, त्याला पिंजऱ्यात ठेवणाऱ्यांना कुणी रागावलं का. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

@गोठ्यातली_डॉक्टर, शेळ्यांची मागची जागा आहे. सहापैकी दोघी तिथेच बसून होत्या. हात साबणाने धुतले, बाबांनी सुद्धा. @शेकोटी, आगगाडी शेवटी, दोन फेऱ्या ठरल्या होत्या, तीन केल्या. @पारावरचा, बाकाचं जमलं. बाबांना घुबडासमोरची जागा सगळ्यात आवडली. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते मान २७० अंशांपर्यंत वळवतं, हे त्यांनी फलकावर वाचलं आणि बाकावर डावी-उजवीकडे सरकून सरकून खात्री करून घेतली. पुढच्या महिन्यात धाकट्याला घेऊन जाणार आहोत. बाबांनी दुर्बीण पुसून ठेवली आहे.

शांत_तळं

@कडुलिंब, कोल्ह्याची उडी मुलाला वाचून दाखवली. तो विचारतोय, कोल्हा ज्या बाजूने फिरतो तिथे गवत उगवतं का?

कडुलिंब

नाही उगवत. तिथे पाऊलवाट पडली आहे, दोन बोटं खोल. पण ओंडक्याच्या भोवतीही आता माती उघडी पडायला लागलीय, हे त्याला सांगा.